जॉन सीनाने शेवटच्या कुस्तीत हार कबूल केली, ते मला योग्य वाटते

पूर्वभागकर :

१३ डिसेंबर २०२५ च्या रात्री अमेरिकेत, वॉशिंग्टन डीसीमध्ये, डब्ल्यूडब्ल्यूई या मनोरंजन-कुस्तीच्या संस्थेचा पैलवान जॉन सीना आयुष्यातली शेवटची कुस्ती खेळला, तेव्हा सोलापुरात रविवारची सकाळ झाली होती. मी आणि माझा धाकटा भाऊ पलंगावर शेजारी बसून एकाच मोबाइलवर ती पाहत होतो. समोर ऑस्ट्रियाचा गुंथर होता. त्याने मागून सीनाच्या गळ्याभोवती हात आवळला, सीना सुटला, त्याने पुन्हा आवळला, सीना पुन्हा सुटला, असे बराच वेळ चालले आणि अखेर वीसहून अधिक वर्षांत जे घडले नव्हते ते घडले. सीनाच्या चेहऱ्यावर किंचित हसू आले आणि त्याने हाताने थोपटून हार कबूल केली. या माणसाच्या टोपीवर, सदऱ्यावर आणि टॉवेलवर वर्षानुवर्षे ‘हार मानू नका’ अशा अर्थाची इंग्रजी अक्षरे छापलेली होती. प्रेक्षक संतापले, आणि कुस्ती संपल्यावर संस्थेचा सूत्रधार ट्रिपल एच समोर आला तेव्हा त्यांनी त्याचीही हुर्यो उडवली. भावाने मोबाइल पालथा ठेवला आणि तो काही न बोलता आंघोळीला निघून गेला. पुढचे मी एकट्याने पाहिले.

मला तो शेवट पटला. का पटला, ते सविस्तर लिहितो.

ज्यांनी हा प्रकार कधी पाहिला नाही त्यांच्यासाठी आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. डब्ल्यूडब्ल्यूईमधल्या कुस्त्यांचा निकाल आधी ठरलेला असतो आणि हे आता सर्वांना ठाऊक आहे. पडणे, आपटणे आणि हाडे-स्नायू दुखावणे मात्र खरे असते. १ ऑक्टोबर २००७ रोजी सीनाच्या छातीचा स्नायू हाडापासून तुटला, शस्त्रक्रिया झाली, आणि आता हा अनेक महिने दिसणार नाही असे सगळे धरून चालले असताना चार महिनेही पुरे होण्याआधी, २७ जानेवारी २००८ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये, एकामागून एक तीस पैलवान उतरतात त्या रॉयल रंबल लढतीत, तिसाव्या क्रमांकावर तो बाहेर आला. त्या प्रेक्षागारात एरवी त्याच्या विरोधात ओरडणारे लोकही त्या क्षणी उभे राहिले.

मी अशोक चौकाच्या मागच्या गल्लीत वाढलो. वडील यंत्रमागावर होते. टीव्ही समोरच्या घरी होता आणि त्यावर टेन स्पोर्ट्स लागत असे, पण ती लोडशेडिंगची वर्षे होती, त्यामुळे कुस्ती ऐन रंगात आली की दिवे जायचे आणि निकाल दुसऱ्या दिवशी शाळेत कळायचा. सीनाचे नाव पहिल्यांदा ऐकले तेव्हा आजीने विचारले होते की हा पोरगा सीना नदीच्या काठच्या कोणत्या गावचा. मी तिला हो, तिकडचाच, असे सांगितले आणि तेव्हापासून ती त्याला आपल्याकडचा समजून पाहायची. त्याच्या मनगटावर जाड टेरीचे पट्टे असत. तसले पट्टे आम्हाला विकत मिळणे शक्य नव्हते, पण टेरी टॉवेल विणणारे गाव आमचे. वडिलांनी कारखान्यातून टॉवेलच्या किनारीची कातरण आणली, आईने मशीनवर दोन पट्टे शिवले आणि त्यांना चड्डीची जुनी इलॅस्टिक लावली. एक पट्टा पांढरा होता आणि एक फिकट गुलाबी, कारण त्या दिवशी कातरण तशीच मिळाली होती. दोन्ही पट्टे दोन मोसम टिकले.

२००७ च्या मे महिन्यात आमची गल्ली दुभंगली. एकीकडे सीना आणि दुसरीकडे आपल्या हिमाचल प्रदेशचा, सात फुटांहून उंच असा ग्रेट खली. मोठी मुले खलीच्या बाजूने होती, कारण तो भारतीय होता. मी सीनाच्या बाजूने होतो आणि त्यासाठी मी बोलणीही खाल्ली. सीनाने त्याला हार कबूल करायला लावली, पण त्या वेळी खलीचा पाय दोराखाली होता आणि पंचाला तो दिसला नाही. (हा वाद आमच्या गल्लीत अजूनही मिटलेला नाही आणि तो या धाग्यात नको.)

आता मूळ मुद्दा. जून २००२ मध्ये सीना पहिल्यांदा डब्ल्यूडब्ल्यूईच्या मुख्य टीव्ही कार्यक्रमात लढला, तेव्हा समोर कर्ट अँगल होता. अँगल म्हणजे १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमधला फ्रीस्टाइल कुस्तीचा सुवर्णपदक विजेता. पंचवीस वर्षांच्या अनोळखी सीनाने त्याला झुंजवले आणि तो हरला. त्या पराभवानेच लोकांना त्याचे नाव कळले. पुढे तो सतरा वेळा विश्वविजेता झाला. सतरावे अजिंक्यपद त्याने २० एप्रिल २०२५ रोजी लास वेगासमध्ये कोडी ऱ्होड्सकडून घेतले आणि रिक फ्लेअरचा सोळांचा विक्रम मागे टाकला. पण माझ्या आठवणीत जास्त ठसलेल्या त्याच्या कुस्त्या हरलेल्याच आहेत. २०११ च्या जुलैमध्ये शिकागोत सी. एम. पंकच्या गावात सगळे प्रेक्षागार एकमुखाने त्याच्या विरोधात होते आणि तो हरला. २०१४ मध्ये ब्रॉक लेस्नरने त्याला सोळा वेळा कमरेला धरून मागे आपटले आणि तो हरला. २०१८ च्या रेसलमेनियात, म्हणजे त्यांच्या वर्षातल्या सर्वांत मोठ्या कार्यक्रमात, अंडरटेकरने त्याला अवघ्या काही मिनिटांत संपवले. म्हणजे हरणे त्याला नवीन नव्हते, आणि पहिली कुस्ती हरून आलेल्या माणसाने शेवटचीही हरून जावे यात मला एक रीत दिसते. जो राहणार आहे त्याच्या पदरात काहीतरी घालून जाणे, ही ती रीत. गुंथर उद्या जिथे जाईल तिथे लोक म्हणतील की सीनाला हार कबूल करायला लावणारा हाच.

मला हे पटते. ज्यांना पटत नाही त्यांनी अवश्य लिहावे, कारण माझा भाऊ अजून माझ्याशी या विषयावर धड बोललेला नाही.


लाल माती :

आपला लेख मन लावून वाचला. आईने शिवलेल्या पट्ट्यांचे वाचून बरे वाटले. तरीही विरोध नोंदवणे मला भाग आहे, कारण माझी उमेदीची पंधरा वर्षे तालमीत गेली आहेत आणि आपण ज्याला सातत्याने ‘कुस्ती’ म्हणत आहात तो शब्द मला तिथे लावलेला सोसत नाही.

आमच्याकडे ठरवून केलेल्या कुस्तीला नुरा कुस्ती म्हणतात. हा शब्द मैदानात शिवीसारखा वापरला जातो. दोन पैलवान नुसते खडाखडी करू लागले आणि डाव टाकेनात, तर समोर बसलेली म्हातारी माणसे आधी खाकरतात, मग उठून उभी राहतात, आणि तरीही जोड निकाली होत नसेल तर पंच ती सोडवतात आणि इनाम रोखले जाते. ज्या जिल्ह्यात अकलूजसारखी मैदाने भरतात आणि मोहोळ-करमाळ्याच्या पोरांनी महाराष्ट्र केसरीची गदा घरी आणली आहे, त्या जिल्ह्यातल्या माणसाने ठरलेल्या निकालावर इतके हळवे व्हावे, याचे मला वाईट वाटते.

दुसरे असे की, हाताने थोपटून हार कबूल करण्याची रीत आमच्या मातीत नाही. पाठ लागली की कुस्ती निकाली. समोरच्याने तुम्हाला आस्मान दाखवले, तुम्ही उठलात, त्याच्या पाठीवर हात ठेवलात आणि बाहेर आलात, यात कुणालाही कमीपणा नाही. स्वतःहून ‘पुरे’ म्हणणे ही वेगळी गोष्ट आहे. शेवटची कुस्ती हरायचीच होती, तर त्याने पाठ लावून हरायला हवे होते.

तिसरी गोष्ट मला सर्वांत जास्त बोचते. या माणसाने २०२४ च्या जुलैमध्ये निवृत्ती जाहीर केली आणि पुढचे अख्खे वर्ष गावोगावी त्याचा निरोप चालला. आपल्याकडे कुणाला असा निरोप मिळाला? खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीला कांस्यपदक मिळवले, स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांना तिथे पाठवण्यासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाच्या प्राचार्य खर्डेकरांनी आपले घर गहाण ठेवले होते. पुढे खाशाबांनी पोलीस खात्यात नोकरी केली, १९८४ मध्ये अपघातात ते गेले, आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. ते पैलवानकीतून कोणत्या दिवशी बाहेर पडले, हे आपल्यापैकी कितीजणांना सांगता येईल? अमेरिकेच्या पैलवानाला सोलापुरातून निरोप देण्याआधी हे हिशेब पुरे व्हायला हवेत, असे माझे म्हणणे आहे.


पूर्वभागकर :

काका, तिसऱ्या मुद्द्यावर मला काहीही उत्तर देता येत नाही. ते खरेच आहे, आणि त्याची खंत मलाही आहे.

पहिल्या मुद्द्याबद्दल मात्र एक सांगतो. नुरा कुस्ती वाईट ठरते, कारण ती खरी असल्याचे सांगून खेळली जाते आणि लोकांच्या विश्वासावर इनाम उचलले जाते. इथे फसवणूक कुणाचीच नाही. हुतात्मा स्मृती मंदिरात नाटक पाहताना शेवटच्या अंकात नायक मरतो, तेव्हा तो पडद्यामागे उठून चहा घेणार हे आपल्याला माहीत असते आणि तरीही आपला गळा दाटतो. मी या खेळाकडे तसे पाहतो. अंगमेहनतीचे म्हणाल, तर सीनाचा जो ठेवणीतला डाव होता, समोरच्याला दोन्ही खांद्यांवर आडवे घेऊन फेकणे, तो आपला कलाजंगच. २००९ च्या रेसलमेनियात, ह्यूस्टनला, त्याने बिग शो आणि एज अशा दोघांना एकाच वेळी खांद्यांवर घेतले होते. एकट्या बिग शोचे वजन सव्वादोनशे किलोंच्या आसपास सांगितले जाई. निकाल ठरलेला असला, तरी ते वजन कुणी ठरवून कमी केलेले नव्हते.

‘कुस्ती’ हा शब्द मी सोडू शकत नाही, कारण लहानपणापासून तोंडात तोच बसला आहे. आपल्याला तो बोचत असेल, तर क्षमा असावी.


भुईकोट :

मी सीनाला २००४ पासून मानत आलो आहे आणि धागाकर्त्याशी माझे शेवटचा मुद्दा सोडून सगळे जुळते. म्हणूनच हा शेवट मला जास्त लागला.

सीना हरला, याबद्दल माझी तक्रार नाही. निवृत्त होणाऱ्याने हरूनच जावे, हा या व्यवसायाचा जुना संकेत आहे आणि तो चांगला आहे. प्रश्न तो कसा हरला, हा आहे. हरण्याचे तीन-चार मार्ग होते. लाल माती काकांनी सांगितल्याप्रमाणे पाठ लागली असती. त्याहून चांगला मार्ग तर याच खेळाच्या इतिहासात आधीच मळलेला आहे. २३ मार्च १९९७ रोजी, तेराव्या रेसलमेनियात, ब्रेट हार्टने स्टीव्ह ऑस्टिनचे पाय अडकवून त्याला पालथा वाकवला. ऑस्टिनच्या कपाळातून रक्त वाहत होते. त्याने थोपटले नाही. तो शुद्ध हरपेपर्यंत तसाच राहिला आणि पंचाने कुस्ती थांबवली. निकाल हार्टच्या बाजूने लागला आणि तरीही त्या रात्री ऑस्टिन मोठा झाला, कारण तो हरला असला तरी त्याने हार मानलेली नव्हती.

नेमके हेच सीनासाठी करता आले असते. गळा आवळलेला होताच. त्याचा हात हळूहळू खाली पडला असता, पंचाने तो दोनदा उचलून पाहिला असता, तिसऱ्यांदा तो उचलला गेला नसता आणि कुस्ती संपली असती. गुंथरला जे मिळायचे ते सगळे मिळाले असते आणि आम्ही वर्षानुवर्षे ज्या तीन शब्दांवर विश्वास ठेवला तेही शाबूत राहिले असते. एवढा साधा मार्ग समोर असताना तो टाळून हसत हसत थोपटणे, हे मला समजत नाही. मी परीक्षेत दोनदा नापास झालो होतो, तेव्हा अभ्यासाच्या टेबलासमोर त्याचे चित्र होते. तिसऱ्यांदा बसलो आणि पास झालो. आता त्या चित्राकडे पाहताना मला काय आठवावे, हे धागाकर्त्यांनी सांगावे.


कंबर तलाव :

माझा आक्षेप दोघांहून वेगळा आहे. सीनाने पदरात घालायचे ठरवले, हे उत्तम झाले, पण चुकीच्या पदरात आणि फार उशिरा.

१५ ऑगस्ट २०१० च्या समरस्लॅम या मोठ्या कार्यक्रमात काय झाले, ते आठवून पाहा. नेक्सस नावाची नवख्या मुलांची टोळी त्या उन्हाळ्यात सगळ्यांना पुरून उरत होती. त्या रात्री सात विरुद्ध सात अशी लढत झाली, शेवटी सीना एकटा उरला, समोर दोघे होते, त्यांनी त्याला बाहेर उघड्या सिमेंटवर डोक्यावर आपटले, आणि त्यानंतर काही क्षणांत उठून त्याने दोघांनाही हरवले. त्या मुलांना त्या रात्री जिंकू दिले असते, तर सहा-सात नवे पैलवान एकाच रात्री उभे राहिले असते. टोळी पुढेही काही महिने दिसत राहिली, पण तिचा दरारा तिथेच संपला. अशी उदाहरणे एक-दोन नाहीत. सीना पडतो, मार खातो आणि मग अचानक उठून जिंकतो, याचा लोकांना जो वीट आला त्यातूनच अर्धे प्रेक्षागार त्याच्या नावाने ‘चल सीना’ आणि उरलेले अर्धे ‘सीना नको’ अशा अर्थाचे ओरडू लागले.

आता गुंथर. तो अडतीस वर्षांचा आहे, आधीच विश्वविजेता होऊन गेलेला आहे, आणि २०२५ च्या जुलैमध्ये गोल्डबर्गचीही शेवटची कुस्ती त्यानेच जिंकली आहे. ज्याचे ताट भरलेले आहे त्याच्याच ताटात आणखी वाढण्यात काय हशील? कुणी पंचविशीतला मुलगा समोर असता, तर धागाकर्त्याचे म्हणणे मी निमूटपणे मान्य केले असते.

न्याय म्हणून हेही लिहितो की २०१३ मध्ये डॅनियल ब्रायनला आणि २०१५ मध्ये नुकत्याच आलेल्या केव्हिन ओवेन्सला त्याने मोकळेपणाने जिंकू दिले होते. ते करता येते हे त्याला ठाऊक होते, म्हणूनच २०१० चे दुःख अधिक आहे.


अक्कलकोट रोड :

वादात पडत नाही, फक्त पाहिलेले सांगतो. ८ सप्टेंबर २०२३ रोजी हैदराबादला, गच्चीबावलीच्या इनडोअर स्टेडियममध्ये, सीना आणि सेथ रोलिन्स यांची जोडी इम्पेरियम गटातल्या दोघांविरुद्ध खेळली. आम्ही चौघे सोलापूरहून रात्रीच्या गाडीने गेलो होतो. माझ्या मामांचे घर तिकडेच आहे. शेजारी बसलेले लोक तेलुगूत ओरडत होते, मागे कुणी कन्नडमध्ये, आम्ही मराठीत, आणि सीनाचे वाजंत्री वाजले तसे सगळ्यांचे ओरडणे एकच झाले. त्या रात्री त्याच्या विरोधात ओरडणारा एकही माणूस मला दिसला नाही. कंबर तलाव यांचे म्हणणे बरोबर असेल, पण तो वीट अमेरिकेतला होता. आमच्यापर्यंत तो पोचलाच नाही.


जुळे सोलापूरकर :

मी शाळेत शिक्षिका आहे आणि अनेक वर्षे या प्रकाराच्या विरोधात होते. मधल्या सुट्टीत मुले एकमेकांना खांद्यावर घेऊन फरशीवर टाकतात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे आणि त्यापायी एका मुलाच्या गळ्याचे हाड मोडलेलेही पाहिले आहे. तो विरोध आजही कायम आहे. पालकांनी मुलांना स्पष्ट सांगावे, की ही शिकलेल्या माणसांची कसरत आहे आणि तिची नक्कल करायची नाही.

तरीही या धाग्यावर मला भुईकोट यांना उत्तर द्यावेसे वाटते.

माझ्या वर्गात सातवीत एक मुलगा होता. त्याला रक्ताचा कर्करोग झाला आणि बार्शीला उपचार सुरू झाले. केस गेल्यावर तो टोपी घालून येत असे. टोपी गावातल्याच दुकानातली होती, तिच्यावर सीनाचे नाव चुकीच्या स्पेलिंगने छापलेले होते आणि चूक दाखवली की तो म्हणे, “बाई, माणूस तोच आहे.” सीनाने गंभीर आजारी मुलांच्या इच्छा पूर्ण करणाऱ्या मेक-अ-विश या संस्थेमार्फत साडेसहाशेहून अधिक मुलांची भेट घेतली आहे आणि हा विक्रम आहे, हे मला त्या मुलाने सांगितले. स्वतः भेटण्याची त्याला आशा नव्हती. सीना बाकीच्या मुलांना भेटतो, एवढ्यावर तो खूश होता.

तो मुलगा गेला. भेटायला गेलेल्या माणसांपैकी कुणीतरी चांगल्या हेतूने त्याच्या आईला म्हणाले, “फार झुंजला हो, पण शेवटी हरला.” त्या माउलीचा चेहरा मी पाहिला आहे. तिने उत्तर दिले नाही, तांब्या उचलून ती आत गेली. तेव्हापासून ‘हार मानू नकोस’ हे वाक्य मी आजारी मुलासमोर उच्चारत नाही. ज्याचे शरीर थकले त्याने हार मानली, असे त्या वाक्यातून नकळत निघते. आणि ज्याने आयुष्यभर हे वाक्य अंगावर मिरवले, त्याच माणसाने शेवटी जगासमोर, न लाजता, हसून ‘आता पुरे’ म्हटले. भुईकोट, आपण म्हणता तसा तो शुद्ध हरपून पडला असता, तर तो आपल्या टेबलासमोरच्या चित्रासारखाच राहिला असता, हे मला मान्य आहे. पण त्या आईला मी कधी काही सांगू शकले नाही, आणि ती कुस्ती मुलाच्या मोबाइलवर पाहताना मला पहिल्यांदा वाटले, की हे तिला दाखवावे.

आपण तिसऱ्यांदा परीक्षेला बसलात, ते आपले आहे. ते चित्र काढू नका.


भुईकोट :

ताई, आपले लिहिणे दोनदा वाचले. आपण सांगितलेल्या आईसमोर माझा मुद्दा मांडण्याची माझी हिंमत होणार नाही. तरीही मला खोटे लिहिता येत नाही. मला अजूनही वाटते, की त्याने थोपटायला नको होते. चित्र मी काढलेले नाही.


पूर्वभागकर :

ताई, यावर मी काही लिहू शकत नाही.

कंबर तलाव, २०१० बद्दलचे आपले म्हणणे मी मान्य करतो. त्या रात्री नेक्सस जिंकायला हवी होती. गुंथरबद्दल मात्र नाही. सीनाला हार कबूल करायला लावणारा माणूस आधीपासून भक्कम असल्याशिवाय ते कुणाला खरे वाटले नसते. नवख्यांचे म्हणाल, तर त्याच रात्री आधीच्या कुस्त्यांत नव्या दमाच्या मुलांना मुद्दाम मोठ्या नावांसमोर उतरवले होते. शेवटच्या रात्रीचा उजेड त्याने वाटून घेतला.

भावाने मोबाइल पालथा ठेवल्यावर जे झाले, ते सांगायचे राहिले होते. सीना रिंगणाच्या मधोमध बसला. त्याने बूट काढून ठेवले, मग मनगटावरचे पट्टे काढले आणि तेही त्यांच्याशेजारी ठेवले. तिकडच्या पैलवानांत निवृत्त होताना बूट रिंगणात सोडून जाण्याची प्रथा आहे. मी पाहत होतो ते पट्टे. त्यानंतर त्याने लष्करी सलाम केला आणि तो निघून गेला. संध्याकाळी भावाला एवढाच भाग दाखवला. त्याने पाहिला आणि विचारले, की आपला गुलाबी पट्टा आईने ठेवला आहे का. आईने ठेवलेला नाही, त्याचे पुसणे झाले होते.

लाल माती काका, आपण कुस्ती सोडली तेव्हा काय झाले होते, हे विचारले तर चालेल का?


लाल माती :

विचारलेत म्हणून सांगतो. १९९४ साली गुडघा गेला. डॉक्टरांनी सांगितले, की आता मातीत उतरलात तर चालता येणार नाही. एक दिवस पहाटे तालमीत गेलो, पोरे जोर मारत होती. लंगोट धुऊन घडी करून नेला होता, तो मारुतीसमोर ठेवला आणि मातीला हात लावून कपाळाला लावला. वस्तादांनी पाहिले. ते म्हणाले, “चहा घेऊन जा.” चहा घेतला आणि घरी आलो. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत आणि मलाही त्या नको होत्या, पण आपण वर लिहिलेले बूट-पट्ट्यांचे वाचून तो दिवस आठवला, हे कबूल करतो.

तो खेळ कुस्ती नव्हे, या मतावर मी ठाम आहे. निरोपाबद्दल मात्र त्यांच्याकडून शिकण्यासारखे काही आहे.


पूर्वभागकर :

काका, गड्ड्याची यात्रा जवळ आली आहे. आपली परवानगी असेल, तर आपल्या कुस्त्यांवर मी वेगळा धागा काढतो. कोणत्या मैदानात, कुणाशी जोड लागली होती, काय इनाम होते, हे सगळे आपण सांगावे. सुरुवात पहिल्या कुस्तीपासून करू.


लाल माती :

काढा. पहिली कुस्ती नऊ वर्षांचा असताना, गावच्या यात्रेत, रेवड्यांवर झाली. मी हरलो होतो.